खालच्या उताराचं पाणी

केवळाबाईचा डोळा लागतोय न लागतोय, तोच खाटेखालून पाणी वाहू लागतं.

दुपारची वेळ आहे. पहाटेपासून नदीवर पहारा देऊन ती आत्ताच घरी येऊन आडवी झालीय. शेलगव्हाणनं निजामाचा अंमल झुगारून चावडीवर तिरंगा चढवला, त्याला आज नववा दिवस. गावाकडे बंदुका अवघ्या तीन, त्या तिन्ही वरच्या घाटावर. नदीपलीकडे निजामाची फौज कालपासून तळ ठोकून बसली आहे.

पाण्यात सटवाजी उभा आहे. तिचा नवरा, गावचा नावाडी, दोन महिन्यांपूर्वी गोळी लागून गेलेला. केवळा आधी त्याचे पाय बघते, पण पाय पाण्यात आहेत. गेल्यावरही या माणसाची लपवाछपवी काही सुटली नाही.

लपवाछपवी नाही तर काय! रोज सकाळी उताराची खोली मोजायला बांबू पाण्यात बुडवायचा, पाणी जिथवर येईल तिथं सुतळीची गाठ मारायचा, आणि मग गावकऱ्यांना जसा, तसाच पलीकडच्या फौजदारालाही नावेतून न्यायचा. कुणाचा माणूस तू, असं विचारलं की नुसता हसायचा. गोळी कुणी घातली तेही कळलं नाही. आपल्यांनीच घातली, अशी गावात कुजबुज आहे. चौदा वर्षं संसार करूनही केवळाला छातीठोकपणे काही सांगता येत नाही. याचाच तिला संताप येतो.

"बंदुका खालच्या उताराला न्या," तो म्हणतो. "तिथलं पाणी वसरून गुडघ्याइतकंच राहिलंय. सांजच्याला तिथूनच येतील ते."

"म्हंजी वरचा घाट मोकळा. कुणी धाडलं तुम्हाला?"

आता दोघं नावेत आहेत. नावेत चूल पेटलीय आणि डोक्यावर त्यांच्या लग्नातला मांडव आहे. केवळा त्याला खोदून खोदून विचारते, फौजदाराशी काय बोलायचात, पोराची शपथ घ्या. तो चुलीत काटकी सारतो. भर पावसाळ्यात खालचा उतार कधी कुणी पायी ओलांडला नाही, हेही ती त्याला ऐकवते. पाऊस दडी मारून बसलाय, एवढंच तो म्हणतो.

मग चूल विझते.

"लोकं काय म्हणतात ते ठावं हाय मला," तो म्हणतो. "तू काय म्हणतीस, केवळे?"



ती जागी होते. घर कोरडं ठणठणीत आहे. कोपऱ्यात त्याचा बांबू तसाच टेकलेला, दोन महिन्यांत कुणी हातही न लावलेला. पण तो खालून गुडघ्यापर्यंत ओला आहे, आणि ओल संपते तिथं सुतळीची नवी गाठ आहे.

केवळा बांबू उचलून तडक चावडीवर जाते. बंदुका खाली हलवा, म्हणून सांगते. पहाऱ्याचे प्रमुख रंगनाथराव तिच्याकडे रोखून बघतात आणि खबर कुणी दिली ते विचारतात.

"माझ्या मालकानं," केवळा म्हणते, आणि ओला बांबू त्यांच्यापुढं धरते.