केवड्याच्या मुळाची अक्षरे

सोळा वर्षांच्या मुलीने छंदातून ऑनलाइन धंदा उभा केला असे ऐकल्यावर तुमच्या मनात पहिल्यांदा काय येते? कौतुक की संशय? खरे सांगा. माझ्या मनात संशय आला होता, आणि ती मुलगी माझी सख्खी धाकटी बहीण होती.

आमचे घर गोव्यात, पेडण्याच्या आतल्या भागात, महाराष्ट्राच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर. घरात मोबाइलची रेंज नाही. ती हवी तर मागच्या डोंगरावर, काजूंमध्ये चढून जावे लागते. बाबा तुयेच्या कारखान्यात कामाला. पण त्यांची खरी ओळख वेगळी. गोवा घटकराज्य होण्याच्या आधीच्या त्या धामधुमीत, मराठी की कोंकणी या भाषेच्या चळवळीत, ते मराठीच्या बाजूने पत्रके लिहीत आणि भिंती रंगवीत. त्या पत्रकांची ट्रंक आमच्या घरात होती. इतर मुले गोष्टीच्या पुस्तकांवरून वाचायला शिकली, मी ‘जाहीर निषेध’वरून शिकले. अन्याय दिसला की पत्रक काढायचे, हे मला ताप आला की पेज प्यायची इतके स्वाभाविक वाटत आले आहे.

बहिणीने त्याच ट्रंकेतून वेगळेच उचलले. मी मजकूर वाचत होते तेव्हा ती अक्षरे बघत होती.

तरुणपणी बाबांना ब्रश परवडत नसे. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावरच्या केवड्याचे जाड मूळ कापायचे, टोक दगडाने ठेचायचे, झाला कुंचला. आमच्याकडे घरांना चुना लावायला लोक असाच कुंचला वापरीत. त्याने ओढलेल्या रेघेचा शेवट फाटल्यासारखा होतो. गोठ्याच्या आतल्या चिऱ्याच्या भिंतीवर बाबांची सरावाची अक्षरे अजून टिकून आहेत. बहीण दहावीच्या सुट्टीत त्यांचे फोटो काढू लागली. मग मामाने दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर एकेक अक्षर गिरवू लागली. लॅपटॉप इतका तापे की त्याच्यामागे टेबलफॅन लावावा लागे. आई म्हणे, “घरात माणसांना वारा नाही, यंत्राला आहे.”

ती फॉन्ट बनवत होती. मला वाटले, चाळीस-पन्नास अक्षरे काढली की संपले. तिने मला वही दाखवली. चौकोनांच्या त्या वहीत जोडाक्षरेच शेकडो होती. क्ष, ज्ञ, द्ध, ष्ट्र, ह्म. प्रत्येक वेलांटी कुठल्या अक्षरावर कितपत लांब जाईल त्याची टिपणे होती. दोन मात्रांच्या मध्ये अनुस्वार कुठे बसेल ते तिने बारा वेळा बदलून पाहिले होते. मी मराठीत एम.ए. करत होते. या लिपीत एवढे काही चालते याचा मला पत्ता नव्हता.

पहिली प्रत तिने बाबांना दाखवली. त्यांनी पडद्यावरच्या एकेका अक्षरावरून बोट फिरवले.

“गो, ही अक्षरां लग्नाक नटून भायर सरल्यासारखी कित्याक दिसतत?”

“कडा साफ केल्या, बाबा.”

“कडा साफ केलंस? मगे माझो हात खंय रवलो?”

मी असते तर रडले असते किंवा भांडले असते. ती उठली, कोयता घेतला, व्हाळावर गेली आणि केवड्याचे मूळ कापून आणले. पावसाळाभर ती जुन्या वर्तमानपत्रांवर त्या कुंचल्याने लिहीत होती. एका मुळाचा धागा सुटा होता, त्यामुळे ‘म’च्या पोटात एक खाच पडली. ती खाच तिने तशीच ठेवली. आमच्या घरात तो ‘म’ आता कोणीही अंधूक उजेडातही ओळखेल.

दिवाळीनंतर ती डोंगरावर गेली, काजूखालच्या नेहमीच्या दगडावर बसली आणि फॉन्ट विक्रीला लावला. खाली तीन ओळींच्या अटी लिहिल्या. मी त्या वाचल्याही नाहीत. कोण घेणार होते ती अक्षरे!

घेतली. एका दशावतारी मंडळाने पोस्टरसाठी, पुण्याच्या कोणा मुलीने लग्नपत्रिकेसाठी, डिचोलीच्या एका पाव भाजणाऱ्या पोदेराने दुकानाच्या पाटीसाठी. बहीण रोज कॉलेजमधून आली की डोंगर चढे आणि उतरताना नवी बातमी आणे. एका आठवड्यात एका मराठी नाट्यसंस्थेने आणि एका कोंकणी मासिकाने तीच अक्षरे घेतली. माझे डोके फिरले.

“बाबा, तुमची अक्षरे आता त्यांच्याकडे!”

बाबा हसले. “त्यांच्यो भिंती तेन्ना कोणे रंगयल्यो, तुका दिसता? त्यांका बरें अक्षर येय नाशिल्लें. दोगांकूय मीच लिवन दिलंय.”

तीस-पस्तीस वर्षे पोटात ठेवलेले हे गुपित त्यांनी पानात पावाचा उंडा मोडता मोडता सांगितले. माझ्या ट्रंकेतला अर्धा इतिहास तिथेच आडवा झाला. बहीण मात्र खूश. “म्हणजे माझं गिऱ्हाईक तेव्हापासूनच आहे.”

मग एका जमीन विकणाऱ्या कंपनीचा मेल आला. त्यांना ही अक्षरे वर्षभर सगळ्या फलकांवर हवी होती. देऊ केलेल्या रकमेत नवा लॅपटॉप येत होता आणि तिला जायचे होते त्या डिझाइनच्या कॉलेजची फीही सुटत होती. फलक कशाचे, हे खाली लिहिले होते: डोंगरउतारावरचे प्लॉट. त्यातला एक डोंगर आमच्या मागचा. तिच्या रेंजचा, केवड्याच्या व्हाळाचा.

आई हळूच म्हणाली, “तुझं शिक्षण होईल गो.” बाबा एवढेच म्हणाले, “अक्षरां तुजीं. तूच सांग.”

तिने फोन माझ्यापुढे धरला आणि दिवाळीनंतर लिहिलेल्या त्या तीन ओळी दाखवल्या. तिसरी ओळ होती: शेत, डोंगर किंवा पाणी विकण्याच्या जाहिरातीसाठी ही अक्षरे वापरता येणार नाहीत. कोणी विचारायच्या कितीतरी आधी, दगडावर बसून, या मुलीने ते लिहून ठेवले होते. सगळे आयुष्य मी पत्रकांत काढले, आणि मला ते सुचले नसते.

तिने ‘नाही’ असे कळवले.

होळीच्या सुमाराला आमच्या रस्त्याच्या वळणावर फलक उभा राहिला. ‘निसर्गाच्या कुशीत तुमचे स्वप्न.’ ‘तुमचे’मधल्या ‘म’च्या पोटात खाच होती.

मी पेटले. दुपारपर्यंत पत्रक लिहून, छापून, बसस्टॉपवर आणि पंचायतीच्या भिंतीवर चिकटवून मोकळी झाले. ‘अक्षरे चोरली! उद्या डोंगर चोरतील!’ अभिमानाने एक प्रत बहिणीला दिली.

तिने ती उजेडात धरली. “ताई, हा माझाच फॉन्ट आहे.”

“मग! म्हणून तर!”

“तू विचारलंस?”

“पत्रकाला परवानगी लागते?”

“परवानगी फुकट आहे. पण विचारायचं असतं. त्यांनीपण परवानगीशिवाय वापरला, तूपण. मग मी त्यांना काय सांगू?”

मी संध्याकाळी जाऊन स्वतःची पत्रके सोलून काढली. बसस्टॉपवर बसलेल्या म्हाताऱ्याने टोला हाणला, “सकाळी लायता, सांजेक काडटा, बरी चळवळ तुजी!”

तोवर ती डोंगरावर चढून मेल पाठवून आली होती. चार ओळी. फलकाचा फोटो, आपल्या कुंचल्याच्या ‘म’चा फोटो, तिसरी अट, आणि आठ दिवसांची मुदत. शिवी नाही, उद्गारचिन्ह नाही. सातव्या दिवशी दोन माणसे शिडी घेऊन आली आणि अक्षरे उतरवून गेली. आम्ही सगळे वळणावर उभे राहून बघत होतो. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी तिच्याकडे बघत होते. एवढी ताकद या चिमुरडीत कुठून आली, हे मला आजही कळलेले नाही.

नवव्या दिवशी तोच मजकूर दुसऱ्याच, नेहमीच्या छापील अक्षरांत परत लागला.

अक्षरे तिची होती, ती तिने सोडवली. डोंगर तिच्या एकटीचा नाही, म्हणून तिची अट तिथे चालत नाही. ती अजून रोज चढते, त्याच दगडावर बसते. दगडाच्या शेजारी आता मोजणीची खुंटी आहे.

म्हणून हे पत्रक, या वेळी तिला विचारून, तिच्या अक्षरांत. तुमच्या वाटेवर असा फलक असेल तर गाडी थांबवा. तळाला बारीक अक्षरांत सर्व्हे नंबर असतो, तो वहीत उतरवून घ्या. पुढच्या ग्रामसभेला जा, उभे राहा, तो नंबर मोठ्याने वाचा आणि विचारा की परवानगी कोणी दिली, कधी दिली. उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय खाली बसू नका.