मनाच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हा

सांगलीला मुलींच्या शाळेत एक बाई होत्या. त्या वर्गावर शिकवत नसत. घाबरणाऱ्या, रडणाऱ्या, कुणाशी न मिसळणाऱ्या मुलींना आपल्या छोट्या खोलीत बसवून घेत. शाळेत त्यांना मानसशास्त्राच्या बाई म्हणत, आमच्या चाळीत येड्यांच्या बाई. मी मनाच्या बाई म्हणायची, तेही मनातच. त्यांनी सगळी नोकरी हेच काम केलं.

माझी मुलगी त्यांच्याकडे जायची. आधी आम्ही कोयनानगरला धरणाच्या वसाहतीत होतो. भूकंपात भिंत पडली आणि तिच्या शेजारी निजलेलं धाकटं बाळ गेलं. ती चार वर्षांची होती. तेव्हापासून तिचं बोलणं बंद झालं. डॉक्टर झाले, देव झाले. पुढे यांना सांगलीत गिरणीत काम लागलं आणि आम्ही तिला या शाळेत घातलं.

बाई तिला काही विचारत नसत. दोघी खाली बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, बस्स. असं बरेच महिने चाललं. एक दिवस बाईंनी मला फाटकाशी गाठलं. "आज बोलली हो! 'ही किडकी हाय' म्हणाली." सांगताना त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

त्यानंतर ती त्या खोलीत थोडंथोडं बोलू लागली. घरी मात्र नाही. "घाई करू नका," बाई म्हणायच्या. "बोल म्हटलं की ती मिटते. तुमच्याशीही बोलेल." मी वाट बघत राहिले.

पण बाईंचं निवृत्तीचं वय झालं. त्यांच्या जागी दुसरं कुणी नेमायचं की ती खोली विज्ञानाच्या सामानाला द्यायची, हे संस्थेच्या अध्यक्षांच्या हातात होतं. जागा राहावी म्हणून बाईंनी त्यांना माझ्या मुलीचं सांगितलं. ते उसाचे मोठे बागाईतदार, आवाजही मोठा, मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "अवो बाई, मग झाकून काय ठेवताय? तुमच्या निरोप समारंभाला पोरगी दोन शब्द बोलू द्या. लोकांनी बघितलं की जागेचं मी बघतो."

बाई आमच्या घरी आल्या. "तिला विचारू का?" म्हणाल्या. मला तर तिचा आवाज ऐकायचा होता.

"इचारा की," मी म्हणाले.

त्यांनी विचारलं. मुलीने मान डोलावली.

समारंभाला मी मागे बायकांत बसले. शाल, नारळ, हार, भाषणं झाली. मग तिला माईकपुढे उभी केली.

"बोल बाळ, भिऊ नगंस," अध्यक्ष म्हणाले.

ती गप्प. पुढच्या मुली खुसखुसल्या. माझ्या शेजारची एक जण म्हणाली, "मुकीला कशाला उभी केलीया गं?" तेवढ्यात बाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "बोल ना गं. माझ्यासाठी."

मुलीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. तिला धीर यावा म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने माईकचा दांडा घट्ट धरला. शेवटी शिपायाला तिची बोटं सोडवावी लागली.

खोली गेली. ती बाईंशीही बोलेनाशी झाली. वाईला भावाकडे राहायला जाण्याआधी बाई निरोप घ्यायला आल्या, तेव्हा मुलगी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. बाईंनी हाक मारली नाही. मी चहा ठेवला. इतक्या वर्षांत मी आपणहून बाईंना काही विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"बाई, तिचा आवाज कसा हाय वो?"

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. "जाडसर आहे. शब्द जरा ओढून बोलते. तुमच्यासारखीच."

चहा तसाच ठेवून त्या उठल्या.

मुलीला आता सोळावं लागलंय. स्वयंपाक सगळा येतो. मला तिचा चार वर्षांचा आवाज आठवतो. आत्ताचा मी ऐकलेला नाही, आणि ऐकेन असं आता वाटत नाही.