विरोधात कोणी आहे का?

थांबाआप्पांना घाई झालेली मी कधीच पाहिली नाही. खांडबाऱ्याजवळच्या रेल्वे फाटकावर त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर फाटक सुटलं, पण लोकांना थांबवायची सवय काही सुटली नाही. ग्रामसभेत सगळे ‘मंजूर, मंजूर’ म्हणत उठायला लागले, की मागच्या खांबाजवळून आवाज यायचा, “थांबा. विरोधमा कोनी शे का?” आणि मग ते खरंच उत्तराची वाट बघायचे. “पडलं फाटक!” म्हणत लोक कपाळाला हात लावायचे आणि पुन्हा खाली बसायचे.

त्यांच्या कापडी पिशवीत प्लास्टिकचं कव्हर घातलेलं संविधान असायचं. कलमं त्यांना गाड्यांच्या वेळांसारखी पाठ होती. एकदा कोणी चिडून म्हणालं, “आप्पा, सारं गाव एक बाजूले शे, आते काय इचारतस?” आप्पा शांतपणे म्हणाले, “म्हनीसनच इचारी ऱ्हायनू. सारं गाव एक बाजूले व्हस, तवयच एकला मानूस दबस.” घरी मात्र त्यांचं काही चालत नसे. तिथे काकूंचा विरोध चर्चेविनाच मंजूर व्हायचा.

मलाही या सगळ्याची गंमतच वाटायची, आमच्या घरावर वेळ येईपर्यंत. मी नववीत होते. आप्पांनी वाळत घातलेल्या मिरचीची दोन पोती पथारीवरून, वाळवणाच्या मैदानातून, चोरीला गेली आणि आमच्या पडवीत सापडली. चोरी माझ्या वडिलांनीच केली होती. सभा बोलावली गेली. आमचा नळ तोडायचा, आमच्याशी कोणी बोलायचं नाही, असं ठरतच आलं होतं. आई तोंडाला पदर लावून बसली होती. भराभर हात वर झाले, आणि ज्यांची मिरची गेली होती तेच उठून उभे राहिले.

“थांबा. त्याले बोलू द्या.”

वडिलांनी चोरी कबूल केली. मग तर सभा आणखीच तापली. आप्पा जागचे हलले नाहीत. “चोरी करी, त्यानी सजा कोर्ट देई,” ते म्हणाले. “नळ गावना शे, आपला रागना नही. कलम एकवीसमा जगाना हक लिखेल शे, आनि ते चोरनी पोरलेबी लागू शे.” तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, तरी ती नजर मी अजून जपून ठेवली आहे.

दुसऱ्या दिवशी पोलिसांत तक्रार दिली तीही आप्पांनीच. ठाण्याबाहेर येऊन आईला म्हणाले, “वकील मांग, माय. सरकार फुकट देस.” वडिलांनी शिक्षा भोगली. आमचा नळ मात्र एक दिवसही बंद झाला नाही. मी याच गावात शिकले, ताठ मानेनं राहिले, ती त्या एका ‘थांबा’मुळे.

आता मी सरपंच आहे आणि आप्पा नाहीत. परवाच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी त्यांच्या दुखवट्याचा ठराव वाचला. लोक ‘मंजूर’ पुटपुटत उठू लागले.

“थांबा,” मी म्हणाले. “विरोधमा कोनी शे का?”

सगळ्यांच्या माना आपोआप मागच्या खांबाकडे वळल्या. तिथे कोणी नव्हतं. आप्पा थांबायचे तेवढाच वेळ आम्ही थांबलो. विरोध एकच होता, माझा; आप्पा गेले हे मला मंजूर नव्हतं. तो मी नोंदवला नाही. डोळे पुसले आणि ठरावावर सही केली.