मोजायचा राहिलेला खेळाडू

"ती पोर खोटा झेंडा दाखवायची नाय. घरातसुद्धा तोंड उघडत नाय ती."

मध्यांतर झालं होतं. दोरीपलीकडे बसलेल्या आमच्या शेजारच्या काकू हे आपल्या मैत्रिणीला सांगत होत्या, आणि मी त्यांच्यापासून चार हातांवर उभी राहून, पाण्याची बाटली तोंडाला लावून काही ऐकलंच नाही असं दाखवत होते.

"मग मुलगा पसंत हाय का ते कसं सांगेल गो?" मैत्रिणीने विचारलं.

"झेंडा वर करील!" काकू म्हणाल्या आणि दोघी खदखदून हसल्या. मलाही हसू आलं. पाणी नाकात गेलं.

पण पहिल्या अर्ध्यात गोल रद्द करायला मी वर केलेला झेंडा चुकीचा होता, आणि हे अख्ख्या मैदानात फक्त मला ठाऊक होतं.

पगारी खेळाडूंच्या लीगचा सामना त्या वर्षी पहिल्यांदाच रत्नागिरीत होत होता. एक संघ मुंबईचा, एक कोल्हापूरचा. मी सहायक रेफ्री, म्हणजे हातात झेंडा घेऊन कडेच्या रेषेवरून धावणारी. हे काम मला फार आवडतं. बोलावं लागत नाही. पळायचं, बघायचं आणि हात वर करायचा. शिवाय त्या दुपारी समुद्रावरून असा वारा येत होता की झेंडा आपोआप फडफडत होता, आणि मी मनातल्या मनात गात होते. पुण्याहून एक निरीक्षक आले होते. त्यांनी चांगले गुण दिले तर पुढच्या मोसमात मला त्या लीगच्या रेफ्रींच्या कायम यादीत जागा मिळणार होती. दोन वर्षं मी त्याचीच वाट बघत होते.

आमच्याकडचे प्रेक्षक कबड्डीचे. फुटबॉलमध्येही कुणी कुणाला अडवलं की "पकड, पकड!" असा गजर व्हायचा, आणि कुणाचा पाय रेषेबाहेर गेला की सगळे ओरडायचे, "बाद!" मुंबईचे खेळाडू बुचकळ्यात पडून त्यांच्याकडे बघायचे. तेवढ्यावरही लोक खूश.

माझा घोटाळा तिथेच झाला. ऑफसाइडचा नियम साधा आहे. पुढे पास येतो तेव्हा घेणाऱ्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्या संघाचे दोघे हवेत, गोलकीपर धरून; नाहीतर तो ऑफसाइड, गोल धरत नाहीत. पहिल्या अर्ध्यात मुंबईचा एक बचावपटू बॉल अडवायला घसरला तो थेट गोलरेषेच्या बाहेर, खांबाशेजारच्या वाळक्या गवतात जाऊन पडला. बॉल उसळून कोल्हापूरच्या एकाकडे गेला, त्याने तो आपल्या पुढच्या पोराकडे दिला आणि पोराने गोल मारला. मी बघितलं, पोराच्या पुढे रेषेच्या आत फक्त गोलकीपर. माझा झेंडा वर. शिट्टी वाजली. रेफ्री सरांची त्या पडलेल्या खेळाडूकडे पाठ होती, त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. प्रेक्षकांनीही ठेवला. रेषेबाहेर गेला तो बाद, मग त्याला कोण मोजणार?

फुटबॉलमध्ये मात्र त्याला मोजतात. बाहेर पडलेला तो खेळाडू गोलरेषेवरच उभा आहे असं धरायचं असतं. नियमांचं इंग्रजी पुस्तक मी शाळेच्या धड्यांसारखं पाठ केलेलं आहे, पान कितवं तेही सांगू शकते. पण लहानपणी वाडीतल्या कबड्डीच्या कडेला बसून तयार झालेले डोळे पुस्तकाच्या आधी धावले. फ्री किक घेऊन झाली, खेळ पुढे गेला, आणि मग तो माणूस गवतातून उठला, चड्डी झटकली आणि शांतपणे आत आला. तेव्हा कुठे मला पुस्तकातलं ते पान आठवलं. खेळ पुन्हा सुरू झाला की निर्णय बदलता येत नाही.

दुसरा अर्धा झकास झाला. कोल्हापूरने शेवटी एक गोल केला, तो दुसऱ्याच खेळाडूने मारला, आणि सामना जिंकला. त्यांनी मैदानातच फेर धरला, आमच्या लोकांनीही आत शिरून त्यांच्याबरोबर नाच केला. मी स्वतःला समजावलं, चला, कुणाचं काही बिघडलं नाही.

सामन्यानंतर शेजारच्या शाळेच्या वर्गात आम्ही बसलो. निरीक्षक, रेफ्री सर आणि मी, पहिलीच्या मुलांच्या बाकांवर गुडघे वर करून. समोर बटाटेवडे. सामन्यात निरीक्षक मैदानाच्या पलीकडच्या बाजूला बसले होते, त्यांना गवतातला माणूस दिसलाच नव्हता.

"तो ऑफसाइडचा झेंडा," ते म्हणाले, "क्षणाचा उशीर नाही! पूर्ण गुण."

"माझी विद्यार्थिनी आहे," सर म्हणाले. त्यांनी मला शाळेत पी.टी. शिकवलेली. खुशीत त्यांनी आपल्या ताटलीतला वडा माझ्या ताटलीत ठेवला.

मी वड्याचा तुकडा मोडला. वाक्य तयार होतं, पण पुस्तकातल्या इंग्रजीत.

तेवढ्यात दारात कोल्हापूरचा तो पुढचा पोरगा आला. गळ्यात हार, गालाला गुलाल, हातात फोन. "सर, एक इचारू काय? त्या गोलाला मी किती म्होरं हुतो? पगारी सामन्यातला पहिलाच हुता माझा. आई इचारतीया."

"हातभर तरी होतास," निरीक्षक हसून म्हणाले.

"व्हय?" तो खजील झाला. "मला वाटलं बराबर हाय. मग माझंच चुकलं. आता जरा मागं थांबूनच पळतो." फोनमध्ये तो म्हणाला, "आई, माझीच चूक गं," आणि जायला वळला.

चांगला पळाला होता तो. आता माझ्यामुळे सगळा मोसम उशिरा पळणार होता. मी उठले. बाक इतका ठेंगणा की गुडघा आपटला आणि ताटली खाली पडली, त्यामुळे तिघंही माझ्याकडे बघायला लागले. बरंच झालं, नाहीतर माझा आवाज कुणाला ऐकू गेला नसता.

"थांबा. तुम्ही पुढे नव्हता. बाहेर गवतात पडलेल्याला मोजायचं असतं, मी मोजलं नाही. तो गोल होता, तुम्ही असेच पळा. आईंना सांगा, चूक झेंडेवालीची. आणि सर, ते गुण खोडा."