ताणावरच्या बगीच्याला पाणी कोणी दिलं?

खून, दरोडे, सराफाची दुकानफोडी, सगळं माझ्या नोकरीत येऊन गेलं. त्यातलं बरंच आता विसरलोही. पण झाडांना पाणी दिल्याची फिर्याद आयुष्यात एकदाच आली, आणि ती काही केल्या विसरली जात नाही.

मी तेव्हा शेंदूरजनाघाटच्या बाजूला ठाणेदार होतो. मे महिना संपत आला होता. एका संत्रा बागायतदाराचा धाकटा भाऊ फिर्याद घेऊन आला. त्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मृगाचा बहार धरायचा असेल तर उन्हाळ्यात संत्र्याचं पाणी तोडतात. झाडं कोमेजतात, पानं गळतात, आणि मग पावसाच्या पाण्यावर ती फुलतात. याला बगीचा ताणावर सोडणं म्हणतात. या काळात कोणी पाणी सोडलं की ताण मोडला. मग फूल नाही, आणि बहार हातचा गेला.

थोरला भाऊ, म्हणजे मालक, स्कॉटलंडला गेला होता. मुलगी-जावई तिकडे नोकरीला. बागायतदाराला घर सोडायला फुरसत मिळते ती बगीचा ताणावर असतानाच. तिघांनी झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी भाड्यानं घेतली होती. बोटीतून ती एका बेटावरून दुसऱ्या बेटावर न्यायची, दिवसभर डोंगर तुडवायचे आणि रात्री गाडीतच मुक्काम करायचा, असा बेत होता. आणि इकडे तीनदा कोणीतरी विहिरीवरची पाण्याची मोटार चालवून बगीचा भिजवला होता.

संशय सालदारावर, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्यावर होता. पाडव्याला बोली ठरताना त्याची मालकाशी बोलाचाली झाली होती, आणि मोटारीच्या खोलीची चावी त्याच्याकडेच होती. भावानं एस.टी. स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर चार लोकांत त्याला 'खाल्ल्या ताटात छेद करणारा' म्हणून टाकलं होतं. ताणावरच्या बगीच्याला पाणी सोडणाऱ्या गड्याला त्या मुलखात कोणी बांधावर उभं करत नाही. त्याचा सगळा संसार या एका आरोपावर टांगला होता.

पन्नाशीचा, वाळलेला माणूस. समोर बसवला.

"काहून केलं रे असं?"

"म्या नाही केलं सायेब. मी सांजच्यालेच घरी जातो. सकाऊन पायतो त मोटार चालूच. थे आपल्या मनानं चालू होते."

जमादार खो खो हसला. "साहेब, आता हा भुताचं नाव घेऊन राहिला!"

मला हसू आलं नाही. खोटं बोलणारा माणूस गळी उतरेल असं खोटं शोधतो. रात्री चोर आले होते, शेजाऱ्यानं डाव साधला, असं काहीतरी. इतकं भिकार खोटं बोलायला माणूस खराच लागतो.

मोटारीला मोबाईलवर चालणारा स्टार्टर होता. मालकाच्या फोनवरून रिंग गेली की मोटार सुरू. मी मालकाला फोन लावला. दोन दिवस प्रयत्न केल्यावर लागला.

"माया फोनचं सोडा साहेब," तो चिडून म्हणाला. "अथी बेटावर रेंजच नाही, आता बोटीच्या धक्क्यावर आलो म्हून लागला. झाड औषधालाही नाही, नुसता वारा अन् मेंढ्या. तुमी त्या गड्याले पकडा, पट्टा दाखवला की बोलते थो."

पट्टा मी दाखवला नाही. त्या दिवसांत शेतीची लाइन, म्हणजे पंपांची वीज, संध्याकाळी येऊन सकाळपर्यंत राहत होती. सालदाराला आणि जमादाराला घेऊन मी बगीच्यात गेलो. मोटारीच्या खोलीला कुलूप घातलं, चावी माझ्या खिशात ठेवली आणि तिघं बांधावर बसलो. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. जमादार कुरकुरू लागला. मी म्हटलं, तुला घरी जायचं असेल तर जा, मी उठणार नाही.

तिसऱ्या दिवशी दिवस मावळतीला टेकला आणि बंद खोलीत मोटार घुमू लागली. जमादाराचं तोंड पाहण्यासारखं झालं. सालदार माझ्याशेजारीच होता, हात गुडघ्यांभोवती. कुलूप काढून मोटार बंद केली आणि लगेच मालकाचा नंबर फिरवला. व्यस्त. पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदा लागला. पलीकडे वाऱ्याचा घोंघाट.

"आत्ता कोणाशी बोलत होता?"

"कोनाशीच नाही. फोन रेनकोटाच्या खिशात हाय. डोंगर चढून राहिलो होतो."

"माथ्यावर पोचलात?"

"हाव, आताच. अथीच तेवढी रेंज लागते."

"शेवटचा फोन कोणाला लागला ते बघा."

त्याचा फोन जुना, बटणांचा. एक बटण दाबून धरलं की स्टार्टरला फोन लागेल अशी सोय त्यानं हौसेनं करून घेतली होती. खिशात ते बटण पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्यानं दबायचं. खाली रेंज नसल्यानं काही व्हायचं नाही, माथा गाठला की इकडे पाणी सुरू. बटणं दाबल्याचा आवाज आला. मग तो हळूच म्हणाला, "स्टार्टरले. साहेब, कोनाले सांगू नका. मी आलो की त्याले समजावतो."

माझं डोकं फिरलं. अब्रू चारचौघांत घेतली होती, ती कानात कुजबुजून कशी परत देणार? मी स्पष्ट सांगितलं, फिर्याद मागे घ्यायचे कागद नंतर. आधी त्याच टपरीवर, त्याच लोकांसमोर, दोघा भावांनी खरं काय ते सांगायचं. असं कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी हटलो नाही.

परत आल्यावर त्याच टपरीवर आधी धाकट्या भावानं, मग मालकानं सांगितलं. मान खाली घालून, पण मोठ्यानं सांगितलं. मग सालदाराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झालं गेलं जाऊ दे. उद्यापासून ये कामावर."

सालदारानं हात बाजूला केला. आवाज चढवला नाही.

"मालक, तितक्या दूरून मोटारीले तीन-चार खेपा फोन लागला तुमचा. मले एक नाही लागला. येक डाव इचारलं असतं, काहून बा, काय झालं?"

तिथेच चहा पीत बसलेल्या दुसऱ्या एका बागायतदारानं सालदाराला हाक मारली आणि शेजारी बसवून घेतलं. पुढच्या सोमवारपासून तो त्याच्या बगीच्यात कामाला लागला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत कोणी संशयिताचं नाव घेऊन ठाण्याची पायरी चढलं, की लिहून घेण्याआधी मी एकच विचारायचो: त्याला तुम्ही स्वतः विचारलंत का? फार थोडे हो म्हणाले.