देवाच्या पाठीवरचा गवा

शिवलीलाला राग आला की ती तोंड उघडत नसे, पेन्सिलीला टोक काढत असे.

शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतदाराच्या घरात ती थोरली सून म्हणून आली. तिची पोरं मोठी होऊन परगावी नोकरीला लागली, एवढा काळ लोटला. पण तिने कुणाला उलटून उत्तर दिल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं. शेजारणी म्हणत, "लई सोशिक हो तुमची थोरली." त्यावर सासू चन्नम्मा तिच्यादेखतच म्हणे, "सोशिक कसली? मुकी हाय. मुक्या जनावराची लाथ कवा बसंल सांगता येत न्हाय." शिवलीला तव्यावरची भाकरी उलटत राही. भाकरी मात्र त्या दिवशी एका बाजूने करपलेली निघे.

दुपारी भांडी आवरून घर लवंडलं की ती मागच्या खोलीत खिडकीशी बसे आणि जनावरं काढे. अस्वल, रानडुक्कर, कोल्हा, वानर, रानकुत्री. गाय, मांजर, पोपट तिने कधी काढले नाहीत. माणसाळलेल्या जनावराच्या तोंडावर माणसाचीच मर्जी उमटलेली असते, रानातलं जनावर कुणासाठी तोंड बदलत नाही, असं तिला वाटे. छाया धरायला तिच्याकडे कलाकारांचं कसलं सामान नव्हतं. देवाच्या फुलवातीनेच ती शिसं हलक्या हाताने चोळून पसरवी.

डोळा सगळ्यात शेवटी. रोज सकाळी अंघोळ करून, विभूती लावून ती गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन बसे, तेव्हा त्या काळ्याभोर लिंगावर उजेडाचा एक बारीक ठिपका दिसे. पापणी न हलवता त्या ठिपक्याकडे बघायला तिला लहानपणी माहेरी आजीने शिकवलं होतं. जनावराच्या डोळ्यात ती तोच ठिपका सोडी. सगळं बुबुळ काळं करायचं आणि तेवढी जागा कोरी ठेवायची. तो ठिपका जमला की जनावर बघायला लागे. नाही जमला तर नुसतं कातडं.

कागद दुकानाचाच. अडतीचं कॅलेंडर दरसाल छापलं जाई, वर देवाचं मोठं रंगीत चित्र आणि खाली तारखांची पानं. वाटून उरलेली कॅलेंडरं पोटमाळ्यावर पडून असत. देवाचं चित्र रद्दीत घालायचं नाही, जाळायचं नाही, पायाखाली येऊ द्यायचं नाही. त्यामुळे ती साचतच गेली होती. कागद जाड, पाठ कोरी. पहिलं अस्वल तिने अशाच एका पाठीवर काढलं. मनात वाईट काही नव्हतं. एवढा चांगला कागद वाया जातोय, इतकंच.

या सगळ्या चित्रांत तिचा जीव होता तो गव्यावर. मागच्या हिवाळ्यात ती राधानगरीच्या वाटेवरच्या आपल्या माहेरी गेली होती, तेव्हा उसात गवा आला. गाव गोळा झालं. शिट्ट्या, आरोळ्या, पत्र्याचे डबे, आणि प्रत्येकाच्या हातात वर धरलेला मोबाइल. शिवलीला भावाच्या गच्चीवर उभी होती. गवा उसातून बाहेर आला, खालच्या मोकळ्या जागेत थांबला आणि त्याने मान वर केली. क्षणभर त्याने तिच्याकडेच पाहिलं असं तिला वाटलं. केवढा संताप त्या डोळ्यात! हा माझाच राग आहे, असं तिच्या मनात आलं. मग तो बांध ओलांडून रानात गेला. घरी येऊन तिने तो गवा कितीतरी दुपारी खपून काढला, आणि पेन्सिल अशी दाबून की बोटाला घट्टा पडला.

भांडण मात्र गव्यावरून पेटलं नाही. ते पेटलं तरसावरून.

धाकटी जाऊ पूर्णिमा राजारामपुरीत एका क्लासमध्ये शिकवायला जाई. बोलणं फटकळ, हसणं मोठं. हसली की वरची हिरडी सगळी दिसे. एकदा तिच्या भिशीच्या बायका घरी आल्या असताना एकीला गादीखाली ठेवलेली चित्रं सापडली. ती ओरडली, "अगं बाई, हे तरस बघा! आपल्या पूर्णिमासारखं हसतंया की!" सगळ्या खिदळल्या. पूर्णिमाही हसली. बायका गेल्यावर मात्र ती तो कागद घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आक्का, हे काय हाय?"

"तरस."

"तरस व्हय? मला वाटलं मीच हाय."

शिवलीला पोहे निवडत राहिली.

"आता वाचा गेली व्हय? वर्षानुवर्षं तोंडावर गोड आणि मागं बसून आमची जनावरं करायची! गव्यात कुणाला कोंबलंय? अत्तींना? आणि हे वानर म्हणजे भावजी का?"

शिवलीलाचा नवरा शशिधर दारातच चहा पीत उभा होता. त्याने वानराचा कागद हातात घेऊन लांब धरला. "मी हाय व्हय ह्यो? नाक बरं काढलंय."

"तुम्ही गप्प बसा, भावजी!" म्हणत पूर्णिमाने तरस ओट्यावर आपटलं. कागद उलटा पडला. वर महादेव आला, जटेत चंद्र, गळ्यात नाग.

पूर्णिमाने एकेक कागद उलटून पाहिला. अस्वलामागे अंबाबाई, कोल्ह्यामागे बसवेश्वर, गव्यामागे पुन्हा महादेव. तिला हवं ते मिळालं होतं. "अत्ती! ओ अत्ती! या इकडं. बघा तुमच्या मुक्या सुनंनं काय केलंय. देवाच्या पाठीवर जनावरं बसवलीत!"

सासूला ‘अत्ती’ म्हणायची त्यांच्याकडची कानडी रीत. चन्नम्मा काठी टेकत आली. तिने चित्रांकडे पाहिलंच नाही, देवांकडेच पाहिलं. मग कागदाच्या कडेला लागलेला कापसाचा तंतू चिमटीत धरून विचारलं, "हे कशानं चोळलंस?"

"फुलवातीनं."

"देवाची वात. देवाची पाठ. आणि वर तरस." चन्नम्माचा आवाज चढला नाही. "फाडायचं न्हाय. देव हाय. येत्या सोमवारी सगळी पंचगंगंला. रीतीनं सोडायची. आणि पुन्ना ह्या घरात पेन्सिल दिसली तर चुलीत घालीन."

शशिधर नंतर बायकोला म्हणाला, "आई म्हणतीया तर सोडून टाक की. दुसरी काढशील." शिवलीलाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. अस्वल दुसरं निघालं असतं. तो गवा कुठून येणार होता?

सोमवारपर्यंत घरात भांड्यांचाच आवाज होता. पूर्णिमाने आपली ताटं वेगळी वाढून घेतली. शिवलीलाने भाजीत मीठ घातलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. इष्टलिंगासमोर बसली तरी ठिपका दिसेना, पूर्णिमाची हिरडीच दिसे. तेव्हा तिला आपल्याशी कबूल करावं लागलं. तरस तिने कधी पाहिलंच नव्हतं. कुठल्यातरी पुस्तकातलं धड घेतलं होतं आणि तोंड घरातलं बसवलं होतं.

सोमवारी सकाळी पूजा आटोपून चन्नम्मा पाटावर बसली. देव घराबाहेर काढायचा तर कपाळाला विभूती लावूनच काढायचा, असा तिचा नेम. पूर्णिमा एकेक कागद देव वर करून पुढे सरकवी, सासू विभूती लावी, कागद पिवळ्या फडक्यात जाई. शिवलीला भिंतीला टेकून उभी होती, पदराचं टोक मुठीत आवळून.

गव्याचा कागद आला. चन्नम्माचं बोट महादेवाच्या कपाळावरून फिरता फिरता अडलं. तिने पुन्हा बोट फिरवलं. "हे काय लागतंय? देवाच्या कपाळाला वळ आल्यागत."

मागून पेन्सिल इतकी दाबली होती की रेघा पुढच्या बाजूला उमटल्या होत्या. चन्नम्माने कागद उलटला.

ती कुरुंदवाडच्या शेतकऱ्याची लेक. बैल, रेडे, मारक्या म्हशी यांच्यातच वाढलेली. चष्मा कपाळावरून खाली घेऊन ती बघत राहिली.

"कवा बघितलास ह्याला?"

"माहेरी. उसात आलता."

"लोकांनी आरडा केला आसंल."

"व्हय. लई."

"मग रागानं काढलास का?"

"व्हय," शिवलीला म्हणाली.

"राग तुझा आसंल. ह्याचा न्हाय." चन्नम्माने बोट ठेवलं. "चिडलेलं जनावर मान खाली घालतं, आडवं उभं ऱ्हातं, अंग दाखवतं. ह्यानं मान वर केलीया. डोळ्याचं पांढरं बघ. शेपूट बघ कसं आत घेतलंय. हे मारायला न्हाय आलं. पळायला वाट हुडकतंय. भ्यालंय गं ते."

शिवलीला पुढे आली. आपणच काढलेल्या गव्याकडे ती पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत राहिली. डोळ्यांनी जे पाहिलं तेच हाताने काढलं होतं. मनाने मात्र त्यावर राग चढवला होता. एवढी वर्षं आपण राग राग म्हणून जे पोटात धरून बसलो ते काय होतं, हे असं पूर्णिमासमोर उघडं पडायला नको होतं.

पूर्णिमा हसलीच. "म्हंजे घाबरट गवा! घ्या, चला घाटावर."

"थांब." चन्नम्माने कागद सोडला नाही. "तरस कुठाय? दे. ...हे खोटं. धड कुणाचं, दात कुणाचं. द्वेषानं काढलेलं जनावर हाय. हे जाऊ दे नदीला. पूर्णिमा, तूच घिऊन जा."

"मी?"

"तुझंच तोंड हाय न्हवं त्यावर? पोचवून ये." मग थोरलीकडे वळून म्हणाली, "आणि तू. ह्या गव्याचं डोळं नीट कर. पांढरं झाक, शेपूट बाहेर काढ. मग ठेव म्हणते मी. माझ्या घरात भ्यालेलं जनावर नको."

खोडरबर खिडकीतच होता. चार रेघा बदलल्या असत्या की गवा वाचला असता. शशिधरने दारातूनच मान हलवून खूण केली, हो म्हण.

"न्हाय, अत्ती," शिवलीला म्हणाली.

पूर्णिमाचा फडक्याची गाठ मारणारा हात थांबला.

"तो तसाच हुता. सगळं गाव अंगावर आल्यावर तुमी कशा उभ्या ऱ्हायला असता? मी डोळा बदलणार न्हाय. नदीत सोडायचा तर असाच सोडा."

तिचा आवाज घरभर ऐकू गेला. चन्नम्माने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. सुनेकडे तिने असं पाहिलं, जसं मघाशी गव्याकडे पाहिलं होतं.

"तोंड हाय म्हणायचं तुला," ती शेवटी म्हणाली. "एवढी वर्षं कुठं ठेवलंतंस?" आणि कागद शिवलीलाच्या हातात न देता शशिधरच्या हातात ठेवला. "काचवाल्याकडं जा. दोन्ही बाजूनं काच बसवून आण. देवाचं तोंड भिंतीला लागायचं न्हाय, आणि ह्याचं तोंड पाव्हण्यांफुडं सोप्यात यायचं न्हाय. बाकीची ऱ्हाऊ देत."

बाकीची चित्रं फडक्यातून निघून पुन्हा गादीखाली गेली. तरस घाटावरच्या निर्माल्यकुंडात गेलं. पूर्णिमाने ते महादेव वर करून ठेवलं, हात जोडले आणि येताना साऱ्या वाटेवर आक्काला शिव्या घातल्या.

आता सोपा, म्हणजे पुढची बैठकीची जागा, आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या दारात, वर, दोन्हीकडून दिसेल अशी ती चौकट टांगलेली असते. पाव्हणेरावळे सोप्यातून महादेवाला नमस्कार करतात. आतल्या बाजूला गवा. मान वर, डोळ्याचं पांढरं उघडं, शेपूट आत. दोघी जावा अजून एकमेकींशी कामापुरतंच बोलतात. चन्नम्मा येताजाता चौकटीकडे बघून म्हणते, "भितऱ्या, अजून हाईस व्हय?"

आणि ओट्यापाशी पीठ मळणारी शिवलीला आतून उत्तर देते, "हाय की. कुठं जातोय?"