दाबकेकाकांची पेन्सिल

दाबकेकाका चित्र बघण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे. मग ओले हात छातीसमोर उभे धरून दाराशी थांबायचे. टॉवेल मी द्यायचा, हे त्यांनी गृहीतच धरलेलं. केंब्रिजच्या ज्या संग्रहालयात मी जुन्या चित्रांच्या पेट्या काढून देते, तिथे बाकीचे लोक निमूटपणे हात पुसून येतात. पण लीड्समध्ये तीस वर्षं सर्जरी केलेल्या माणसाला कोण शिकवणार?

दर गुरुवारी त्यांना एकच पेटी हवी असे. एकोणिसाव्या शतकातल्या एका फ्रेंच निसर्गचित्रकाराने पेन्सिलीने काढलेली खेड्यांची चित्रं. त्यातली गवती छपरांची एक गल्ली समोर ठेवून ते आपल्या वहीत तिची नक्कल करत. "अगं, हे छप्पर बघ," ते म्हणायचे, "खचलंय. पण हा पठ्ठ्या ते सरळ करून देत नाही. ऑनेस्ट रिपोर्ट आहे हा!" पार्किन्सन्समुळे त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. हात पूर्ण जायच्या आत ही गल्ली संपवायची, एवढा एकच हट्ट उरला होता. शेवटचं घर तेवढं राहिलं होतं.

ते घर सुरू केलं त्याच दिवशी त्यांचा हात उडाला. मूळ चित्राच्या कडेला करंगळीएवढी रेघ! खोलीत आम्ही दोघंच.

"काका, काही झालेलं नाही. वही मिटा," मी म्हणाले.

"रिपोर्ट लिही."

"तुम्हाला परत पेन्सिल आणू देणार नाहीत."

"ठाऊक आहे." ते हाताकडे बघत राहिले. "लीड्सला एकदा माझ्या चुकीने पेशंट गेली. तरुण बाई होती. कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. तेव्हा हा हात अगदी स्टेडी होता."

मी रिपोर्ट लिहिला. रेघ पुसून निघाली, त्यांची पेन्सिल बंद झाली. नंतर ते एकदाच आले. तासभर गल्ली बघितली, "थँक यू हं" म्हणाले आणि गेले. फेब्रुवारीत वारले. त्यांचं ते घर माझ्यामुळे अपुरं राहिलं, असं मला अजून वाटतं. त्यांनीच सांगितलं होतं, तरी वाटतं.

क्रिमेटोरियममध्ये त्यांचे जुने सहकारी त्यांच्या हातांबद्दल भरभरून बोलले. मी मान खाली घालून बसले होते. त्या बाईबद्दल तिथे फक्त मला माहीत होतं.